९२ वर्षांची आजी 'आता माका घेवन जा' म्हणते, हे डिप्रेशन की वय?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. आजी ९२ वर्षांच्या, मूळ कणकवलीकडच्या, सगळं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलं, तिथे गिरणी कामगारांची खानावळ चालवली. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि आता तुम्ही सगळे टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर. गेले काही महिने आजी फारशा बोलत नाहीत, जेवण कमी झालंय, दिवसभर बसून असतात, 'देवा म्हाराजा, आता माका घेवन जा' हे सारखं चालू असतं आणि संध्याकाळी कधीकधी कोपऱ्यात लहान मुलं बसलेली दिसतात असं म्हणतात. फॅमिली डॉक्टर म्हणाले वय झालंय, आत्या म्हणते झोपेची गोळी सुरू करा, आणि तुम्ही विचारताय की या वयात मानसोपचारतज्ज्ञाकडे नेऊन काही उपयोग आहे का. शिवाय आजींना एकदा गावी जायचंय, तर न्यावं का.

उपयोग आहे, न्या. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, माझ्याकडे येणारे बहुतेक पेशंट ऐंशीच्या पुढचे, त्यातले बरेच जण घरातून बाहेर पडू शकत नाहीत म्हणून मीच त्यांच्या घरी जाते. 'वय झालंय' हे निदान नाही एवढं आधी डोक्यात पक्कं करा. ९२ व्या वर्षी गुडघे दुखणं, ऐकू कमी येणं, नाव पटकन न आठवणं हे वयाचं म्हणता येईल, पण माणूस आतून विझत चाललंय हे वयाचं नसतं. खरं तर म्हातारपणी मन उलट शांत होतं असंच बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांचं सगळं काम यावरच आहे, की पुढे वेळ थोडा आहे हे कळलं की माणूस नको त्या गोष्टी सोडून देतो, मोजकी जवळची माणसं धरून ठेवतो आणि त्यात तो तरुणांपेक्षा समाधानी असतो. अगदी नव्वदीत शरीर साथ सोडायला लागतं तेव्हा हे थोडं ढासळतं हे खरंय, पण म्हणून नव्वदीतलं प्रत्येक माणूस उदासच असणार असं अजिबात नाही. तेव्हा तुमच्या आजी आधी बोलक्या होत्या आणि आता गप्प झाल्यात, तर काहीतरी झालंय, आणि ते शोधायला पाहिजे.

आता त्यांच्या त्या वाक्याबद्दल. कोकणातली, घाटावरची, कुठलीही म्हातारी माणसं हे बोलतात. 'हातपाय चालतायत तोवर ने रे बाबा', 'कुणाकडून सेवा करून घ्यायची वेळ नको'. यात एक प्रकार असा असतो की माणसाची खरंच तयारी झालेली असते, सगळं बघून झालं, नातवंडांची लग्नं झाली, आता बोलावणं आलं तर जाऊ. असं माणूस हे बोलतं आणि पाच मिनिटांनी विचारतं आज बाजारात बांगडा काय भाव होता. त्याला चहा गोड लागतो, पणतू आला की चेहरा खुलतो. ही तयारी म्हणजे आजार नाही, तिच्यावर गोळी नाही, आणि ती बोलून दाखवणाऱ्याला 'असं अभद्र बोलू नको गं' म्हणून गप्प करणं मला तरी क्रूरपणा वाटतो. दुसरा प्रकार वेगळा, त्यात चहा कसा झालाय याचंही काही पडलेलं नसतं, पणतू आला तरी मान वर होत नाही, 'मी सगळ्यांना ओझं झालेय', 'माझ्यामुळे सुनेचे हाल' हे परत परत येतं, पहाटे जाग आली की छातीत धडधडतं. हे डिप्रेशन. गंमत नाही पण खरी गोष्ट अशी की या वयात बरेच जण 'मला वाईट वाटतंय' असं म्हणतच नाहीत, पोट साफ नाही, अंगात कस नाही, डोकं जड आहे, तोंडाला चव नाही, एवढंच म्हणतात, आणि घरचे पोटाच्या डॉक्टरकडे फेऱ्या मारत बसतात. आम्ही १५ प्रश्नांची एक हो-नाही अशी प्रश्नावली वापरतो, म्हाताऱ्या माणसांसाठीच बनवलेली, तिच्यात भूक-झोपेचे प्रश्न मुद्दाम ठेवलेले नाहीत कारण ते या वयात एरवीही बिघडलेलेच असतात, भर असतो तो आयुष्यात राम वाटतो का, मन रमतं का, अशा गोष्टींवर.

म्हणून पुढच्या वेळी आजी तसं म्हणाल्या की टीव्ही बंद करा, समोर बसा आणि विचारा, 'आजी, तुला कशामुळे असं वाटतं गं?' आणि मग गप्प बसा, उत्तर यायला वेळ लागतो. काही वेळा उत्तर निघतं गुडघा, काही वेळा निघतं 'मला बाथरूमला जायला रात्री कुणाला तरी उठवायला लागतं त्याची लाज वाटते', आणि त्यावर कमोडची खुर्ची पलंगाशेजारी ठेवणं हा उपाय असतो. आणि हेही सरळ विचारा की स्वतःचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का. विचारल्याने डोक्यात नवीन विचार घुसत नाही, उलट बोलता आलं म्हणून माणूस हलकं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की जगाच्या जवळजवळ सगळ्या भागांत आत्महत्येचं प्रमाण सत्तरीच्या पुढे सर्वात जास्त आहे, आपल्याला ते पटत नाही कारण म्हातारं माणूस गेलं की कुणी खोलात शिरत नाही. या वयात ते गाजावाजा करून होत नाही, जेवण सोडणं, बीपीच्या गोळ्या तोंडात धरून नंतर थुंकणं, गोळ्या उशीखाली जमवणं, असं असतं. तुम्ही सतराव्या मजल्यावर आहात, खिडक्यांना ग्रिल आहे का बघा, आणि सगळी औषधं कुणीतरी एकाने आपल्या ताब्यात ठेवा. जमवलेल्या गोळ्या सापडल्या किंवा आजींनी खाणंपिणं ठरवून बंद केलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

पण माझ्याकडे आणायच्या आधी शरीर तपासून घ्या, कारण उदासीसारखं दिसणारं बऱ्याच वेळा शरीरातून आलेलं असतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२, सोडियम, क्रिएटिनिन, साखर, लघवीची तपासणी, एवढं घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबवालेही करतात. यात सोडियम मला फार महत्त्वाचं वाटतं. बीपी आहे म्हणून मीठ बंद, वर लघवी जास्त होण्याची गोळी, आणि भूक नाही म्हणून नुसती पातळ पेज, अशाने सोडियम खाली जातं, माणूस सुस्त होतं, गोंधळतं, तोल जाऊन पडतं आणि घरचे म्हणतात म्हातारपण. डॉक्टरांना विचारून या वयात पथ्यं जरा सैल करता येतात. नव्वदीच्या पुढे दहा वर्षांनंतरच्या हार्ट अटॅकची काळजी करण्यापेक्षा आज माणूस चवीने दोन घास जेवतंय का हे मी जास्त बघते. घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी पोटाची, सर्दीची, जुन्या हाडाच्या डॉक्टरची, एका पिशवीत घालून न्या, बऱ्याच वेळा एकच औषध दोन नावांनी चालू असतं.

आणि एक धोक्याची खूण लक्षात ठेवा, बदल जर महिन्यांत न होता दोन-तीन दिवसांत झाला, परवापर्यंत बऱ्या होत्या आणि आज गुंगीत आहेत, हाक मारली तर ओ देतात आणि परत झोपतात, संध्याकाळी जास्त बरळतात, तर ते डिप्रेशन नाही, ते डिलिरियम, म्हणजे मेंदू तात्पुरता गोंधळलेला. त्यामागे लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, बद्धकोष्ठता, नवीन गोळी असं काहीही असू शकतं आणि या वयात ताप येईलच असं नाही. गप्प पडून राहणारा डिलिरियम घरच्यांना कळतच नाही कारण तो त्रास देत नाही. त्याला इमर्जन्सी समजा.

जेवणावरून आठवलं, परळला एका आजींकडे गेले होते, तक्रार हीच की जेवत नाहीत, मरायचंय म्हणून तोंड फिरवतात. ब्युरोकडून आलेल्या मावशी वरण-भात-भाजी मिक्सरमध्ये फिरवून एकत्र करून चमच्याने भरवत होत्या, हिरवट पिवळा गोळा. मी कवळी कुठे आहे विचारलं तर ती स्टीलच्या डबीत, कारण वजन उतरल्यावर सैल झाली आणि हिरडीला घासायला लागली, तशीच ठेवून दिली. डेंटिस्टने ती नीट बसवून दिली, ताट वेगळं वाढायला लागले, भात वेगळा, आमटी वेगळी, कडेला लोणच्याचा खार, आणि घास स्वतःच्या हाताने, सांडलं तर सांडलं. औषध लागलं त्यांनाही, पण जेवणाचा प्रश्न मरणाचा नव्हता, कवळीचा होता. तुमच्या आजींनी आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलंय, त्यांच्या ताटात काय आणि कसं येतंय हे एकदा बसून बघाच.

कोपऱ्यातली मुलं. यावरून घरात काय काय बोलणं झालं असेल ते मला अंदाजाने कळतं, कुणी बाहेरचं म्हणालं असेल, कुणी वेड लागलं. तुम्ही लिहिलंय की आजींना एका डोळ्यात काचबिंदू आहे, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलाय आणि मुलं नुसती दिसतात, काही बोलत नाहीत, आणि आजी स्वतः म्हणतात की खरी नसावीत. हे वाचून माझ्या मनात पहिलं नाव आलं ते चार्ल्स बोने सिंड्रोम. नजर फार कमी झाली की डोळ्यांकडून मेंदूला चित्रं येत नाहीत, मग मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो, लहान मुलं, नटलेली माणसं, चेहरे, वेलबुट्टी. १७६० मध्ये स्वित्झर्लंडच्या चार्ल्स बोने यांनी आपल्या म्हाताऱ्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं, त्या आजोबांची नजर मोतीबिंदूने गेली होती पण डोकं एकदम जाग्यावर होतं. म्हणजे हे वेड नाही आणि भूतबाधाही नाही. आजींना हे सांगा, नुसतं सांगितलं तरी निम्मी भीती जाते, कारण किती तरी म्हातारी माणसं हे महिनोन्‌महिने लपवतात, आपल्याला वेडं ठरवतील म्हणून. संध्याकाळी दिवा लवकर लावा, मुलं दिसली की नजर डावी-उजवी फिरवायला सांगा, उठून बसायला सांगा, बऱ्याच वेळा निघून जातात. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ९२ व्या वर्षीही भूल न देता, नुसतं डोळ्यापुरतं बधिर करून होतं, 'आता कशाला या वयात' म्हणून टाळू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून ठरवा. मात्र मुलं दिसण्याबरोबर चाल अडखळती झाली असेल, हातपाय कडक वाटत असतील, एक दिवस एकदम हुशार आणि एक दिवस पार गोंधळलेल्या असं होत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, तो डिमेन्शियाचा एक प्रकार असू शकतो आणि त्यात भास थांबवायची काही औषधं फार बाधतात, म्हणून भासावरची गोळी स्वतःहून मेडिकलमधून आणू नका.

डोळ्यांसारखंच कानांचं, आणि कान तर जास्त दुर्लक्षित. ऐकू न येणारं माणूस घरात असून घरात नसतं. जेवताना सगळे हसतात, त्याला कळत नाही का हसले, दोनदा विचारलं की कुणीतरी म्हणतं 'जाऊ दे, काही नाही', आणि तिसऱ्यांदा ते विचारत नाही. हे 'काही नाही' मी घराघरांत ऐकते आणि मला त्याचा फार त्रास होतो. आधी कानात मळ आहे का बघून घ्या. मग कानाची तपासणी आणि मशीन. मशीन लावल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज, पंखा, सगळं अंगावर येतं, तेव्हा रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यायचं, नाहीतर ते ड्रॉवरमध्ये जातं. आणि ओरडू नका, या वयात बारीक पट्टीचे आवाज आधी जातात, ओरडलं की आवाज अजून चिरका होतो. समोर या, तोंडावर उजेड असू द्या, हळू आणि जरा खालच्या पट्टीत बोला. खर्चाचा प्रश्न असेल तर ६५ च्या पुढच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, कानाचं मशीन, कमोडची खुर्ची असल्या वस्तूंसाठी ३००० रुपये खात्यात येतात, उत्पन्नाची अट आहे, पैसे फार नाहीत पण खुर्ची होते.

आता घर. तुम्ही लिहिलंय की नवीन घर छान आहे, दोन बाथरूम आहेत, आजींना स्वतंत्र खोली आहे, तरी त्या खूश नाहीत. चाळीत दार उघडं असायचं, गॅलरीतून जाणारा-येणारा प्रत्येक जण 'काय गे आजी, जेवलंस?' विचारून जायचा, आजींना कुणाकडे जायला लागायचं नाही, माणसं दारावरून वाहत असायची. टॉवरमध्ये कुणाला भेटायचं तर आधी सेफ्टी डोअर, मग लिफ्ट, लिफ्टची टच बटणं मोतीबिंदूवाल्या डोळ्याला दिसत नाहीत, खाली वॉचमन, सगळं दुसऱ्याच्या मदतीने. घर मोठं झालं आणि जग एका खोलीचं झालं. जुनं घर गेल्याचं दुःख हे दुःखच आहे, माणूस गेल्यासारखं, आणि त्याला 'एवढं चांगलं घर मिळालंय' हे उत्तर नाही. त्यांची खुर्ची खोलीतून काढून हॉलमध्ये दाराजवळ ठेवा, सकाळी-संध्याकाळी आतलं लाकडी दार उघडं टाका, जाळीचं दार बंद ठेवलं तरी चालेल, मजल्यावरची पोरं शाळेत जाताना दिसली पाहिजेत. जुन्या चाळीतल्या कुणी बायका त्याच टॉवरमध्ये दुसऱ्या मजल्यावर असतीलच, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी एकमेकींकडे पोचवायची जबाबदारी घरातल्या एकाने घ्या. 'कधीतरी नेऊ' असं ठेवलं की ते होत नाही.

आणि त्यांना काम द्या. मला सगळ्यात जास्त याच्याबद्दल बोलायचंय. ज्या बाईने गिरणीच्या पाळ्या सांभाळून रोज पंगती उठवल्या, १९८२ च्या संपात गिऱ्हाईक गावी निघून गेली तेव्हा उधारीवर चूल चालू ठेवली, तिला तुम्ही प्रेमाने सांगितलंय की आजी तू आता काही करू नको, गॅसजवळ येऊ नको, आराम कर. तुमच्या मनात काळजी आहे मला कळतं, पण आजींना ऐकू येतं ते हे की आता तुझी गरज नाही. गॅस नका देऊ, पण लसूण सोलायला द्या, मेथी निवडायला द्या, वेळ लागला तर लागू दे, मागून परत निवडू नका त्यांच्यासमोर. मालवणी मसाला करायची वेळ आली की मिरच्या कुठल्या आणि किती हे त्यांना विचारा आणि त्या म्हणतील तसंच करा. विचारणं खरं पाहिजे, लहान मुलाला खूश करायला विचारतात तसं नको, म्हाताऱ्या माणसाला ते लगेच कळतं. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडलं होतं की म्हातारी माणसं जुन्या आठवणी काढतात ते डोकं चालत नाही म्हणून नाही, शेवटाकडे येताना सगळं आयुष्य एकदा तपासून त्याचा हिशोब लावायची ती मनाची गरज आहे. त्याच्या आधी डॉक्टरसुद्धा नातेवाइकांना सांगायचे की त्यांना जुनं उकरू देऊ नका. तेव्हा खानावळीबद्दल विचारा, महिन्याचे किती घ्यायचीस, पैसे बुडवून कोण गेलं, दुष्काळात मिलो ज्वारी आली तेव्हा तिची भाकरी कशी थापायचीस. यात वाईट आठवणीही येतील, रडतील, रडू द्या. मात्र रोज तीच एक गोष्ट घेऊन स्वतःला दोष देत राहिल्या, सुटतच नसेल, तर ते मला सांगा, तिथे ट्रीटमेंट लागते.

एक नाजूक गोष्ट. तुम्ही लिहिलंय की आजींची धाकटी बहीण गावी वारली ते त्यांना सांगितलेलं नाही, धक्का बसेल म्हणून. माझं मत विचाराल तर, त्यांना सांगा. त्यांना फोन येणं बंद झालंय, घरात कुणी विषय काढत नाही, त्यांना कळलेलं असण्याची शक्यता खूप आहे आणि त्या एकट्याच ते सोसत असतील. दिवसा, दोघं-तिघं जवळ असताना, साध्या शब्दांत सांगा आणि त्यांना काही करू द्या, दिवा लावू दे, गेलेल्या बहिणीच्या नावाने वाडी, म्हणजे जेवणाचं पान, दाखवायची असेल तर दाखवू दे. स्मरणशक्ती फार गेलेल्या माणसाला एकदा सांगून विसरल्यावर परत परत सांगत राहू नये, पण तुमच्या वर्णनावरून आजींचं तसं वाटत नाही.

औषधाचं थोडक्यात. डिप्रेशन आहे असं ठरलं तर सर्ट्रालिन किंवा एस्सिटॅलोप्रामसारखी गोळी अगदी कमी डोसने सुरू करतात, भूक आणि झोप दोन्ही गेली असेल तर मिर्टाझापिन. या वयात चार-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त थांबायला लागतं, आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नका आणि मनाने एकदम तोडू तर अजिबात नका. सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांत सोडियम परत तपासा कारण या गोळ्यांनीही ते उतरतं, ईसीजी आधी काढून घ्या. सवय लागेल का, तर नाही. सवय लागते ती आत्या म्हणतात त्या गोळीची, अल्प्राझोलामसारख्या गोळीने रात्री झोप लागेल पण बाथरूमला उठताना पाय अडखळेल, खुबा मोडेल, आणि नव्वदीत खुबा मोडला की पुढचं सगळंच अवघड होतं. आजी रात्री आठला झोपून तीनला उठत असतील तर त्यांची झोप झालेली असते, दुपारची कमी करा, सकाळच्या उन्हात बसवा.

तुमच्या आईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, की सगळं त्याच करतात आणि त्यांचं वय ६७. म्हणजे एक ज्येष्ठ नागरिक दुसरीला सांभाळतेय, मुंबईत हे आता घरोघरी आहे. त्यांची पाठ, त्यांची झोप, त्यांना आठवड्यात एक अख्खी दुपार बाहेर जायला मिळणं, हा आजींच्या ट्रीटमेंटचाच भाग आहे, तेव्हा बाकीच्या भावंडांनी वार वाटून घ्या. बाहेर न्यायला जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं, आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन एल्डरलाइन १४५६७. महापालिकेच्या केईएम, नायर, सायन तिन्ही हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे.

राहिलं गाव. माझं म्हणणं न्या, पण घाईने नको. आधी रक्त, डोळे, कान उरकून घ्या, औषध सुरू झालं असेल तर ते लागू पडू दे. गणपतीची गर्दी टाळून थंडीत जा. वंदे भारत दादरला आणि कणकवलीला दोन्हीकडे थांबते, पहाटे बसलं की दुपारपर्यंत पोचता, बाथरूमजवळची सीट बघा, पाणी कमी पिऊ देऊ नका प्रवासात लघवी नको म्हणून. पहिल्या दोन-तीन रात्री त्यांच्या खोलीत कुणीतरी झोपा आणि बारीक दिवा चालू ठेवा, जागा बदलली की रात्री गोंधळ होऊ शकतो. आठ दिवस तरी राहा, दोन दिवसांत परत आणलं तर नुसती दगदग. आणि परतीचं तिकीट काढताना तारीख त्यांना विचारून काढा.